भट्टीचं बटण

फ्यूजकाका त्या दिवशी लेकीकडून परत आले ते मोहीम फत्ते करून आल्याच्या थाटात. चपला दारातच भिरकावल्या, अवजारांची पिशवी खुंटीला अडकवली, आणि "चहा टाक" असं फर्मान सोडून खुर्चीत ऐसपैस बसले.

काकूंनी आतूनच विचारलं, "झालं का काम?"

"झालं का म्हणजे? मी गेलो म्हटल्यावर होणार नाही तर काय!"

आता ह्या गृहस्थांना फ्यूजकाका का म्हणतात ते सांगायला हवं. उभा जन्म वायरमनकीत गेलेला. आधी एका उस्तादाच्या हाताखाली, मग कारखान्यात. गल्लीत कुणाच्याही घरातला फ्यूज उडाला, की हे बोलावण्याची वाट न बघता पिशवी घेऊन हजर. लोक जेवत असले तरी ह्यांची शिडी ताटांच्या मधे उभी. निवृत्त झाले तरी हाताची खाज काही गेली नाही. मधे डोळ्यांचं ऑपरेशन झालं, बोटं थोडी थरथरायला लागली, तेव्हा काकूंनी बजावलं, की बास झालं आता, लोकांच्या भिंतींत हात घालायचे नाहीत. गल्लीतल्यांनीही हळूहळू बोलावणं बंद केलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण फ्यूज उडाला की आता दुसऱ्याच कुणाची शिडी गल्लीतून जाताना दिसायची.

राहिली एकटी ठकू. ठकू म्हणजे त्यांची लेक. चाळिशीला टेकलेली, केसांत रुपेरी दिसायला लागलेली बाई, पण बापाच्या तोंडी अजून ठकूच. तिच्याकडे काहीही बिघडलं की ती बाबांनाच फोन करायची. "माझ्याकडे बाबांशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही," असं ती चारचौघांत सांगायची, आणि ते ऐकलं की काकांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

ठकू पाट्या बनवते. घरांच्या नंबरांच्या, दवाखान्यांच्या, 'कुत्र्यापासून सावध' अशा. छापील नव्हेत, चांगल्या इनॅमलच्या. लोखंडी पत्र्यावर रंगीत काचेची पूड पसरायची आणि भट्टीत ती वितळवायची, की पाटी ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका, माणसापेक्षा जास्त टिकते. भट्टी विजेची, ट्रंकेएवढी, पुढे दार. आतल्या भिंतींना तारेची वेटोळी असतात, उघडीच, आणि तापली की निखाऱ्यासारखी लाल होतात. पाटी आत ठेवायची आणि बाहेर काढायची ती लांब लोखंडी काट्याने. काटा कधीतरी वेटोळ्याला लागतोच. म्हणून दार उघडायच्या आधी वीज बंद करायची, हा त्या कामातला पहिला धडा. इतकी वर्षं ठकू त्यासाठी सरळ पिन उपटायची. पण दर पाटीला पिन काढ, पिन घाल, असं करून करून सॉकेट सैल झालं, तापून काळं पडलं, आणि आदल्या दिवशी त्यातून धूर निघाला. लगेच बाबांना फोन.

काकांनी सकाळी जाऊन ते सॉकेट काढूनच टाकलं. भिंतीतून येणाऱ्या तारा एका नव्या डबीत घेतल्या आणि तिथे जाडजूड बटण बसवलं. लाल रंगाचं, पोटात दिवा असलेलं. चालू केलं की पेटतं, बंद केलं की विझतं. दिसायला तर असं झक्क, की ठकूने उगीचच पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघितलं.

"आता पिनेची कटकट मिटली," काका तिला म्हणाले होते. "दिवा विझला की बिनधास्त काटा घाल आत."

हे आठवून ते खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःशीच हसत होते. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "आलाच आहात तर ते मिक्सरचं तेवढं बघा. सकाळपासून ढिम्म हलत नाही."

"आलाच आहात म्हणजे? मी इथंच राहतो!"

"तेच म्हणते मी. कधीतरी घरातलंही बघा."

काका कुरकुरत उठले. पिशवीतून टेस्टर काढला. टेस्टर म्हणजे बारीक स्क्रूड्रायव्हरच, फक्त मुठीत इवलासा दिवा. टोक लावलं तिथे करंट असला की तो पेटतो. काकांनी ओट्याजवळच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला. पेटला नाही. दुसऱ्या भोकात घातला. तिथेही नाही.

"लाईट गेलीये," काकांनी निकाल दिला.

काकूंनी चहा गाळता गाळता वर बघितलं. "अस्सं? मग हा पंखा काय तुमच्या हुकमाने फिरतोय?"

पंखा फिरत होता. फ्रिजही मजेत घुंई करत होता. काका हसले, म्हणाले मग सॉकेटच गेलं असेल, आणि फ्रिजशेजारच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला. पेटला नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन टीव्हीच्या सॉकेटमध्ये घातला. तिथेही नाही. मग त्यांनी टेस्टर डोळ्यांजवळ धरून बघितला, तळहातावर आपटला, पुन्हा घातला. दिवा मेलेला होता. मिक्सरला काय झालं होतं कुणास ठाऊक, पण टेस्टर गेला होता एवढं खरं.

"जुना झाला," काका म्हणाले. "उद्या नवा आणतो."

आणि चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत त्यांना ठकूची भट्टी आठवली.

सकाळी ठकूकडे काम संपल्यावर त्यांनी काय केलं होतं? बटण बंद केलं, दिवा विझला, मग भट्टीचं दार उघडून आतल्या वेटोळ्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही. "बघ," ते ठकूला म्हणाले होते, "मेलेली तार. लोखंड लावलंस तरी काही व्हायचं नाही." मेलेली तार! मेला होता टेस्टर. मेलेला टेस्टर जिवंत तारेला लावला तरी तो काय बोलणार?

टेस्टर आधी जिवंत जागी लावून बघायचा, मग त्याच्यावर विश्वास टाकायचा, हे तर काका झोपेतही विसरले नसते. कारखान्यात त्यांनी नव्या पोरांच्या पाठीत धपाटे घालून हे शिकवलं होतं. मग आज का नाही केलं? कारण बटण चालू होतं तेव्हा त्यातला दिवा ढळढळीत पेटला होता आणि वेटोळी लाल होत होती. करंट डोळ्यांना दिसतोय, तर टेस्टर कशाला लावायचा, असं वाटलं. त्या लाल दिव्याने भुलवलं म्हाताऱ्याला, दुसरं काय!

पण थांबा, काकांनी स्वतःला समजावलं. टेस्टर मेला म्हणून तारा चुकल्या असं थोडंच आहे? तारा तर बरोबर जोडल्यात. भिंतीतून दोन तारा येतात. एकीतून करंट येतो, ती फेज. दुसरीतून परत जातो, ती न्यूट्रल. बटण फेजवर बसवायचं, म्हणजे बंद केलं की करंट दारातच अडतो. ते चुकून न्यूट्रलवर बसलं तर बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. दिवा तसाच पेटतो, भट्टी तशीच तापते, बटण बंद केलं की दिवाही विझतो आणि भट्टीही थंड होते. फक्त करंट आत वेटोळ्यांत दबा धरून बसलेला असतो. बाहेर जायची वाट बंद, म्हणून गप्प. कुणी लोखंडी काटा लावला की त्याला वाट सापडली. त्या माणसाच्या अंगातून.

पण आपण फेजवरच बसवलंय. नक्की. फेज कशावरून ओळखली? गाठीवरून.

गाठ! काकांनी कप खाली ठेवला.

ती जागा म्हणजे पूर्वी काकांच्या थोरल्या भावाचं गॅरेज होतं. भावाने स्कूटर दुरुस्तीचा धंदा बंद केला तेव्हा जागा पुतणीला दिली. तिथलं सगळं वायरिंग काकांनीच तरुणपणी केलेलं. तेव्हा कुठली आली लाल-काळी-हिरवी रंगीत वायर? मिळेल त्या एकाच रंगाची तार भिंतीत ओढायची, आणि पुढे कोण कुठली हे कळावं म्हणून एका तारेच्या टोकाला सैलसर गाठ मारून ठेवायची. सकाळी सॉकेट काढल्यावर आतून दोन काळ्या तारा निघाल्या, एकीला गाठ. स्वतःच्या हाताची गाठ इतक्या वर्षांनी भेटली म्हणून काकांना भरूनच आलं होतं. गाठ म्हणजे फेज. त्यांनी गाठीची तार बटणाला दिली आणि मोकळे झाले.

गाठ म्हणजे फेज, ही कारखान्यातली रीत. पण उस्तादांकडे?

उस्तादांकडे गाठ न्यूट्रलला मारायचे. फेजची तार मुरगळायची नाही, तिला त्रास द्यायचा नाही, असं उस्ताद म्हणायचे. काका कारखान्यात लागले तेव्हा तिथल्या फोरमनने पहिल्याच दिवशी ह्यावरून खडसावलं होतं, आणि मग त्यांनी रीत बदलली. आता प्रश्न एकच उरला. गॅरेजचं काम केलं तेव्हा ते कुणाकडे होते?

"अगं," काकांनी हाक मारली. "दादाच्या गॅरेजचं वायरिंग मी कधी केलं गं?"

"आता हे काय मधेच?"

"सांग ना! कारखान्यात लागल्यावर ना? आठव बरं. कारखान्यात लागल्यावरच असणार."

काकूंनी हात पुसत थोडा विचार केला. "छे हो. भावजींचं गॅरेज झालं तेव्हा ठकू पोटात होती. तुम्ही तिथून यायचात ते ग्रीसने माखून, आणि मला त्या वासाने उमळून यायचं. तुम्हाला बाहेर जिन्यात सदरा काढायला लावायची मी. विसरलात? कारखान्यात तुम्ही ठकू झाल्यावर लागलात. पोर झाली, आता उस्तादांच्या मागे फिरून भागायचं नाही, म्हणून तर लागलात."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं? अहो, असे पांढरे का पडलात?"

"फोन लाव," काका म्हणाले. "ठकूला फोन लाव. तिला म्हणावं भट्टीला हात लावू नकोस."

काकूंनी फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. ठकूची खोड दोघांनाही ठाऊक होती. भट्टी चालू असली की फोन आवाज बंद करून कपाटात. एकदा फोन घ्यायला वळली आणि अख्खी पाटी करपली, तेव्हापासूनचा नेम. म्हणजे ती फोन उचलत नाही ह्याचा अर्थ एकच, भट्टी चालू आहे. जावयाला लावला, तर तो कामाच्या निमित्ताने परगावी, आणि फोन बंद.

काकांनी चपला पायांत सरकवल्या, त्याही उलट्यासुलट्या. काकू म्हणाल्या, "मी येणार."

"तू काय करणारेस तिथे?"

"तुम्ही काय करून आलात ते बघणार," काकू म्हणाल्या. काळजी वाटली की काकूंच्या जिभेला धार चढते, हा त्यांचा स्वभावच आहे.

बस मिळाली, पण अशी, की तिच्यापेक्षा चालत गेलेलं पत्करलं. प्रत्येक थांब्यावर थांबायची. कुणी दारात उभं राहून सुट्ट्यांवरून हुज्जत घालायचं, कुणी बोचकं चढवायचं, आणि कंडक्टर जगात कसलीच घाई नसल्यासारखा तिकिटं फाडायचा. काका पुढच्या दांडीला धरून उभेच होते. बसा म्हटलं तरी बसेनात. भट्टीच्या तारा उलट्या लागल्या असतील, एवढंच त्यांनी काकूंना जाता जाता सांगितलं होतं. काकू दर मिनिटाला फोन लावत होत्या आणि दर वेळी मान हलवत होत्या.

"ती बघेल हो आधी," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं काम करतेय, काय एवढी वेंधळी आहे का?"

"काय बघेल? दिवाच बघेल ना! दिवा विझला की बघायचं काय राहिलं? मीच सांगितलंय तिला, बिनधास्त घाल म्हणून!"

शेजारचा माणूस वळून बघायला लागला. काकांना त्याची फिकीर नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे काटा दिसत होता. सबंध लोखंडी, मुठीला लाकूड नाही. किती वेळा म्हटलं होतं ठकूला, मूठ बसवून देतो, पण ती म्हणायची हातमोजे आहेत ना. चामड्याचे हातमोजे, घामाने आतून ओलेकच्च झालेले. त्याला काय अर्थ? आणि पायांत सपाता. आणि खाली फरशी, जिच्यावर ती उन्हाळा म्हणून पाणी शिंपडते. एकेक गोष्ट आठवत होती आणि प्रत्येक गोष्ट वाईटच होती.

दुसऱ्या कुणी जोडून दिलं असतं तर ठकूने शंका काढली असती. ती मुळातच चौकस पोरगी. भाजीवालीने दिलेली मेथीची जुडीही उलटून बघणारी. पण बाबांच्या कामाला तिने कधी उलटून एक प्रश्न विचारला नव्हता. 'बाबांनी केलंय ना, मग झालं!' आजवर ह्याच वाक्यावर काका जगत आले होते, आणि आज बसच्या दांडीला लोंबकळताना त्यांना त्याच वाक्याची भीती वाटत होती. देवा, निदान आजचा दिवस तरी तिचा माझ्यावर विश्वास बसू देऊ नकोस, असं त्यांनी मनातल्या मनात अगदी हात जोडून म्हटलं.

थांबा आला. उतरताना काका पडता पडता वाचले. तिथून गॅरेजपर्यंत लांबलचक गल्ली. काकूंचे गुडघे धावण्यातले नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. व्हा! मी येते मागून."

काका धावले. ह्या वयाचा माणूस जसा धावतो तसे धावले, म्हणजे निम्मं चालणं आणि निम्मं लटपटणं. छातीत भाता चालला होता. गल्लीतली पोरं खेळ थांबवून बघायला लागली. एका म्हातारबाबांनी ओट्यावरून विचारलं, काय हो, आग लागली का कुठं. काकांना उत्तर द्यायलाही श्वास नव्हता.

गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. आतून गरम हवेचा झोत आला. ठकू पाठमोरी उभी, कोपरापर्यंत हातमोजे, उजव्या हातात काटा. डाव्या हाताने तिने बटण दाबलं. लाल दिवा विझला. तिने भट्टीचं दार उघडलं आणि काटा आत न्यायला लागली.

काकांनी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. दाराशेजारच्या भिंतीवर मेन स्विच होता. त्यांनीच बसवलेला. त्यांनी दोन्ही हातांनी त्याचा दांडा धरला आणि सगळा भार टाकून खाली ओढला.

खाडकन आवाज झाला. पंखा, ट्यूब, सगळं गेलं. ठकू दचकून अशी काही वळली, की काट्याला अडकून आतली पाटी बाहेर ओढली गेली आणि फरशीवर आपटली. लालभडक पाटी, आपटताच तिच्यावरच्या काचेचा टवका उडाला आणि सगळीकडे तडतड तडतड झालं.

"बाबा!" ठकू किंचाळली. "अहो, काय हे! डॉक्टरांची पाटी होती ती! संध्याकाळी न्यायला येणार आहेत. सगळी अक्षरं हाताने काढली होती मी!"

"काटा खाली ठेव," काका म्हणाले. "आधी तो काटा खाली ठेव."

"पण झालंय काय?"

"ठेव म्हणतो ना!"

तिने ठेवला. काका भिंतीला टेकून उभे राहिले आणि मग धापा टाकत, तुकड्या-तुकड्यांत त्यांनी सगळं सांगितलं. टेस्टर मेलेला होता. गाठ उस्तादांच्या रीतीची होती, ती आपण कारखान्याच्या रीतीने वाचली. बटण न्यूट्रलवर बसलंय. दिवा विझतो पण करंट जात नाही. "तू काटा लावला असतास तर," ते म्हणाले, आणि काट्याकडे नुसतं बोट दाखवलं.

ठकूचा राग कुठल्या कुठे गेला. तिच्या चेहऱ्यावर भीती येईल असं काकांना वाटलं होतं. ती आली नाही. ठकू हातमोजे काढायला लागली, एकेक बोट ओढून, सावकाश. लहानपणी काहीतरी लपवलेलं असलं की ती अशीच बोटांकडे बघत बसायची.

"बाबा, ते बदललंय," ती म्हणाली.

"काय बदललंय?"

"तारा. तुम्ही गेलात, आणि मग मी कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलं. त्याने डबी उघडून बघितली. म्हणाला उलट्या आहेत. त्याने सरळ करून दिल्या, टेस्टर लावून दाखवला, मगच मी भट्टी लावली."

शेजारी काचेच्या पुडीचा मोठा डबा होता, त्यावर काका मटकन बसले. वाचली. पोर वाचली. उलट्याच होत्या, म्हणजे आपण मारलीच होती तिला, आणि ती वाचली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्यांनी पुसलंही नाही.

मग त्यांच्या डोक्यात दुसरा प्रश्न आला.

"तुला संशय कसा आला?" त्यांनी विचारलं. "ठिणगी दिसली का काही? वास आला?"

"नाही."

"मग त्याला का बोलावलंस?"

ठकूने हातमोजे टेबलावर ठेवले, ते एकावर एक नीट जुळवले. "बाबा, तुम्ही रागावू नका. मी नेहमीच बोलावते."

"नेहमी म्हणजे?"

"तुमच्या डोळ्यांच्या ऑपरेशनपासून."

काकांनी वर बंद पडलेल्या पंख्याकडे बघितलं. "पंख्याचं पण?"

"हो."

"आणि ट्यूबचं?"

"हो. पण ते सगळं बरोबर होतं, बाबा. खरंच. आजवर त्याला एक स्क्रू फिरवावा लागला नाही. तोच म्हणायचा, काकांचं काम बघायला मला कशाला बोलावता ताई. आजच फक्त."

"मग मला कशाला बोलावतेस?" काकांचा आवाज चढला. "सरळ त्यालाच सांगायचं! म्हाताऱ्याला बसमधून हिंदकळत आणायचं, त्याची पाठ वळली की दुसरा माणूस आणायचा, आणि वर लोकांना सांगायचं, बाबांशिवाय कुणाचा हात लागायचा नाही! ही थट्टा मांडलीस माझी?"

"तुम्ही यावंत म्हणून बोलावते," ठकू म्हणाली. "बिघडलं नाही काही तर तुम्ही येता का कधी? ये म्हटलं की म्हणता, काय काम आहे?"

बसमध्ये काकांनी देवाला हात जोडून जे मागितलं होतं ते मिळालं होतं, आणि मिळालं ते फार लागलं होतं. लेक जिवंत समोर उभी असताना आपल्याला स्वतःचंच वाईट वाटतंय, ह्याची त्यांना लाज वाटली. पण वाटत होतं, त्याला काय करणार!

तेवढ्यात गल्लीतून काकूंचा आवाज आला. "ठकू! अगं ठकू!" आणि पाठोपाठ काकू स्वतःच आल्या, घामाघूम, एका हाताने गुडघा धरून. ठकूला धडधाकट बघितल्यावर त्यांनी आधी तिला कवटाळलं, मग तिच्या दंडावर एक चापट मारली, फोन उचलत नाहीस म्हणून, आणि मग नवऱ्याकडे वळल्या.

"काय झालं? काय केलं होतंत तुम्ही?"

काका तोंड उघडणार तोच ठकू मधे पडली. "काही नाही गं आई. बाबांचं काम बरोबरच होतं. उगाच घाबरले ते. बघ, मी चांगली ठणठणीत आहे."

किती सहज बोलली. काकूंचा चेहरा तेवढ्याने सैल झालासुद्धा. त्या 'तरी मी म्हणत होते' असं काहीतरी पुटपुटल्या. आता नुसतं हूं म्हटलं की झालं होतं. घरी जाऊन पुन्हा खुर्चीत बसता आलं असतं, गल्लीत पुन्हा ताठ मानेने फिरता आलं असतं. काकांनी ठकूकडे बघितलं. ती डोळ्यांनी त्यांना सांगत होती, राहू द्या.

"नाही," काका म्हणाले. "तारा मी उलट्याच लावल्या होत्या. हिने मागाहून दुसऱ्याकडून तपासून घेतलं म्हणून ही आज उभी आहे. माझ्या भरवशावर राहिली असती तर आपण हिच्या तोंडात पाणी घालायलाही वेळेवर पोचलो नसतो."

काकूंकडे एरवी अशा वेळी बोलायला किती असतं! आज दुसरा डबा ओढून त्या नवऱ्याशेजारी बसल्या आणि आपल्या रुमालाने त्यांच्या मानेवरचा घाम पुसायला लागल्या.

"बरं केलंस," काका ठकूला म्हणाले. "पण आता एक कर. पुढच्या वेळी मी असतानाच बोलव त्याला. माझी पाठ वळायची वाट बघू नकोस. मी जोडीन, तो बघेल, आणि मी समोर बसून ऐकेन काय म्हणतो ते."

"बरं," ठकू म्हणाली. तिने डोळे पुसले, फुटलेली पाटी पायाने बाजूला सारली, आणि डॉक्टरांची पाटी नव्याने करायची म्हणून मेन स्विच वर करायला गेली. काकांनी तिला अडवलं नाही. पण तिने दांडा वर ढकलेपर्यंत त्यांनी काकूंचा हात घट्ट धरून ठेवला होता.